वळचणीचा कप

शमसुन्निसाच्या हातात कोणी भांडं दिलं की ती आधी त्याला टिचकी मारते, मग नाकाशी नेते आणि मग देणाऱ्याला विचारते, "यात पयले काय होतं?" बस, एवढंच. नाव नाही, गाव नाही, रोगी कोणत्या वॉर्डात पडलाय ते नाही. नव्या माणसाला वाटतं, बाई खवट आहे. आहेच थोडी. पण यवतमाळच्या एका धर्मादाय दवाखान्यात रोग्यांच्या नातेवाइकांना अन्न गरम करून देणारी जी खोली आहे, ती आजवर टिकली ती या खवट बाईमुळे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागाहून कोणी म्हणायला नको की कौतुक करताना सांगणाऱ्यानं हात आखडता घेतला.

तो प्रश्न मुळात तिचा नाही, तिच्या बापाचा. बापाचं नाव सरदार, कळंबचा कल्हईवाला. सायकलच्या मागे भाता, कोळशाचं पोतं, नवसागराची पुडी, कथलाची कांडी, आणि पुढच्या दांडीवर ही पोरगी. गावात शिरून त्यानं हाळी दिली की घराघरातून पितळेची पातेली, गुंड, पराती बाहेर यायच्या. पितळेला आतून कथलाचा लेप नसला की आंबट अन्न कळकतं, कढीला हिरवट कड येते आणि खाणारा ओकून ओकून आडवा होतो. म्हणून सरदार प्रत्येक भांडं हातात घेऊन आधी विचारायचा, यात पहिले काय होतं? ताक असलं तर घासणी वेगळी, तेल असलं तर वेगळी. शमसुन्निसा भाता मारायची. भांडं तापलं की नवसागराचा पांढरा धूर उठायचा, बाप कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवायचा, आणि काळंकुट्ट पातेलं बघता बघता आतून लखलखायचं. पोरीला दरवेळी ते नवंच वाटायचं.

काम उरकलं की घरची बाई चहा द्यायची. आता ही गंमत ऐका. ज्या पातेल्याच्या आतून सरदारचा हात फिरला, ते पातेलं राखेनं घासून, धुऊन सरळ चुलीवर चढायचं, कारण धातू राखेनं शुद्ध होतो म्हणतात. पण त्याच सरदारला चहा काही घरच्या पेल्यात यायचा नाही. ओसरीच्या वळचणीला वाशात खोचलेला एक चिनीमातीचा कप असायचा, बहुधा कान तुटलेला. तो खाली निघायचा. बाई वरून, हात लागणार नाही असा चहा ओतायची. बाप अर्धा प्यायचा, अर्धा पोरीला द्यायचा, मग स्वतःच कप विसळून, पालथा करून पुन्हा वळचणीला ठेवायचा. चिनीमाती शुद्ध होत नाही ना, म्हणून तो बाहेरच्यांचा कप. सगळ्याच घरांत असा कप होता असं नाही, खोटं कशाला बोला. पण ज्या घरांत होता ती घरं पोरीला पाठ होती. एकदा तिनं बापाला विचारलं की आपला हात भांड्याच्या आत चालतो, मग आपलं तोंड बाहेरून का चालत नाही? सरदार हसला आणि म्हणाला, चहा गरम आहे तोवर पिऊन घे.

पुढे घराघरात स्टील आलं आणि कल्हई बसली. भाता माळ्यावर गेला, बाप मातीत गेला. शमसुन्निसा लग्न होऊन यवतमाळला आली. नवरा गाड्यांचा मेकॅनिक होता, तोही लवकर गेला. नाजिया नावाची एक लेक पदरात होती, तिला वाढवायला तिनं दवाखान्यात झाडलोटीचं काम धरलं, आणि तिथंच तिच्या नशिबात पुन्हा भांडी आली.

झालं असं की नातेवाईक लोक आवारात लिंबाखाली स्टोव्ह पेटवून रांधायचे. एक दिवस स्टोव्ह भडकला आणि एका बाईचं लुगडं पेटलं. बाई वाचली, पण दवाखान्यानं आवारात विस्तवच बंद केला. तेव्हापासून महागाव, उमरखेड, आर्णीकडून आलेली माणसं थंडगार भाकरी चावत बसायची आणि रोग्यालाही तेच थंड वरण भरवायची. ते पाहून एका दुकानदारानं आईच्या नावानं एक मायक्रोवेव्ह ओव्हन दान दिला. वॉर्डाशेजारच्या रिकाम्या खोलीत तो बसला. किल्ली शमसुन्निसाकडे आली, कारण खोली झाडायची तिचीच पाळी होती. लोकांनी त्याचं नाव ठेवलं पेटी. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्यानं दारातून डोकावून विचारलं, पेटी आली, मंग भजन कवा हाये?

नाजिया तेव्हा विजेच्या सामानाच्या दुकानात कामाला होती. तिनं आईला बसवून समजावलं. यात विस्तव नाही, तापतं ते अन्नातलं पाणी. धातू आत घालायचा नाही, ठिणग्या उडतात. काच चालते, चिनीमाती चालते. शमसुन्निसा खूश झाली. घरी जाऊन तिनं माळ्यावरून आपल्या लग्नातल्या चिनीमातीच्या वाट्या काढल्या. सोनेरी काठाच्या, कधी कोणाला न दिलेल्या. पेटीसाठी सर्वांत चांगलं भांडं द्यावं, असा तिचा भाव. पहिलीच वाटी आत गेली आणि त्या सोनेरी काठावर फटफट ठिणग्या नाचल्या. खोलीतली माणसं बाहेर पळाली. म्हणजे पहिली ठिणगी कोणा अडाण्याची नव्हती, खुद्द पेटीवालीचीच होती. हे ती आजही स्वतःच सांगते आणि हसते. सोन्याचा वर्ख झाला तरी धातूच तो, हे त्या दिवशी तिला कळलं.

दुसरी ठिणगी उडाली ती एका जावयाच्या वरणात राहून गेलेल्या स्टीलच्या चमच्यामुळे. तेव्हा वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर बेबीताई आल्या. बाई वाईट नाही, पण एका वॉर्डात दोन वॉर्डांचे रोगी सांभाळत होती, तिचं डोकं कायम तापलेलं. तिनं साफ सांगितलं की पलीकडच्या भिंतीला ऑक्सिजनच्या नळ्या आहेत, आणखी एकदा गडबड झाली की पेटी वरच्या मजल्यावर नर्सांच्या खोलीत जाईल. मग नातेवाइकांनी पुन्हा थंड खावं.  त्या खोलीत माणसं घासातून वाफ निघताना पाहून रडायची, हे शमसुन्निसानं पाहिलं होतं. ते तिला घालवायचं नव्हतं, काही झालं तरी.

मग तिनं बापासारखं काम सुरू केलं. बाजारातून जाड, पांढऱ्या, बिनकाठाच्या चिनीमातीच्या वाट्या आणि काचेचे वाडगे आणले. कोणी नवं भांडं आणलं की ते रिकामं आत ठेवायचं, शेजारी पाण्याचा कप ठेवायचा आणि थोडा वेळ पेटी फिरवायची. पाणी तापलं आणि भांडं थंड राहिलं तर भांडं पास. भांडंच तापलं तर नापास. बापाच्या भट्टीत भांडं तापायला हवं होतं, इथं नेमकं उलट. श्रीखंडाचे डबे, आइस्क्रीमचे डबे तिनं बाहेर ठेवले, कारण ते वाकायचे आणि अन्नाला वास लागायचा. कॅरीबॅगेतलं वरण असलं तर ती आधी वाडग्यात उलटवायची. घट्ट झाकण कधीच नाही, सैल ताटली ठेवायची. मधे एकदा काढून ढवळायचं, नाहीतर कडेला चटका आणि मधे गारठा.

पण खरी तिची करामत वेगळीच. आपल्या लोकांत डब्याला नाव ठेवलं म्हणजे घराला नाव ठेवलं. माहेरचा डबा, दिवाळीत घेतलेला डबा, वर सासऱ्याचं नाव कोरलेलं. तो परत करायचा कसा? शमसुन्निसा डबा दोन्ही हातांनी घ्यायची, वाखाणायची आणि म्हणायची, "डब्बा तं शंभर नंबरी हाये जी. ही पेटीच नाठाळ हाये, तिले इस्टील सोसत नाई." सगळा दोष पेटीवर. माणूस हसायचा आणि अन्न मुकाट्यानं वाडग्यात यायचं.

आणि मग तो पाऊसकाळ आला, ज्यात कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली आणि बोंडात अळी निघाली. माणसं फवारणीचं विष पाठीवर घेऊन त्या रानात शिरली आणि वाऱ्यानं ते त्यांच्याच नाकातोंडात गेलं. जिल्ह्यातले दवाखाने भरले. भाव आधीच पडलेला, त्यात हे. फुलसावंगीची इंदुताई तेव्हा आली. तिचा लेक शाम दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारणी करता करता धुऱ्याच्या बांधावरच कोसळला होता. जीव वाचला. घशातली नळी काढली, पण घसा सोलवटलेला. डॉक्टर म्हणाले, पातळ पेज द्या, ऊन ऊन, घोट घोट. थंड पेज त्याच्या घशाखाली उतरेना, तो मान फिरवायचा. इंदुताई जवळच लोहाऱ्याला नणंदेकडे राहायची, पहाटे पेज शिजवायची आणि ऑटोनं यायची. पोचेपर्यंत पेज गार.

शमसुन्निसानं वाटी पुढे केली. इंदुताईनं पदर सावरला, जरा मागे सरकली आणि म्हणाली, आज सोमवार हाये, मले चिनीमातीतलं चालत नाई. मंगळवारी म्हणाली, मंगळवार हाये. बुधवारी आता ही काय सांगते म्हणून शमसुन्निसा वाटच पाहत होती. बुधवारी तिनं सांगितलं की चिनीमातीले वास येते. पदर ज्या तऱ्हेनं मागे सरकला, ती तऱ्हा शमसुन्निसाला लहानपणापासून ठाऊक होती. तिला सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या कोणी चार शब्द सुनावले असते, आणि चुकलंही नसतं. हिनं वाटी परत ठेवली. तिच्या डोळ्यांसमोर मान फिरवणारा शाम होता, आणि इंदुताईची नजर सारखी पेटीच्या दाराकडे जात होती. ही बाई आपली पाठ फिरली की स्टीलचा डबा आत घालणार, ही धास्ती तिला रात्रंदिवस लागली.

म्हणून ती घाईत बोलून गेली की घरचं चांगलं जाड प्लास्टिक असलं तर ते आणा, पाहू. पुढचं सगळं त्या एका वाक्यानं झालं.

दुसऱ्या दिवशी इंदुताई खुशीत आली. हातात निळा डबा. जाड, फिरकीच्या झाकणाचा, आतून बाहेरून घासून लख्ख. घरून शामसाठी पिण्याचं पाणी त्यातूनच आलं होतं म्हणे. आता त्यात पेज. शमसुन्निसाच्या मागे गर्दी होती, डबा रिकामा तापवून पाहायला वेळ नव्हता. तिनं टिचकी मारली, झाकण काढून नाकाशी नेला, पेजेचाच वास. डबा पेटीत ठेवला, दाराला हात घातला आणि सवयीनं विचारलं, "यात पयले काय होतं?"

"औषध," इंदुताई म्हणाली.

दवाखान्यात औषध म्हटलं की माणसाला काय वाटणार? ताकदीची पावडर असेल, सिरप असेल. शमसुन्निसानं दार लावलंसुद्धा. पण बापाच्या कामात अर्ध्या उत्तरावर भांडं कधी भट्टीवर चढलं नव्हतं. तिचा हात बटणाशी थांबला.

"कोन्तं औषध?"

"पऱ्हाटीचं."

आपल्याकडे पिकावर मारायच्या विषाला औषध म्हणतात. विष म्हटलं तर पाठीवर घ्यायला माणूस धजणार नाही, म्हणून असेल. शमसुन्निसानं डबा बाहेर ओढला, मोरीकडे धावली आणि सगळी पेज ओतून दिली. वर तिथंच पडलेला खिळा घेऊन डब्याच्या तळाला दगडानं भोक पाडलं, पुन्हा कोणी वापरू नये म्हणून. तोंडानं एक शब्द नाही. हेच तिचं चुकलं. बघणाऱ्याला दिसलं ते एवढंच की एका बाईनं दुसऱ्या बाईच्या आजारी लेकाचं अन्न नालीत फेकलं आणि तिचा डबा फोडला.

इंदुताईनं टाहो फोडला की माझ्या पोराच्या तोंडचा घास हिनं फेकला. गर्दी जमली. कोणी म्हणालं, अशा बाईच्या हाती अन्न द्यायचंच कायले? "अशा" म्हणजे कशा ते त्यानं सांगितलं नाही, आणि सगळ्यांना कळलं. बेबीताई तणतणत आल्या. तीन तीन वॉर्डांत रोगी पडलेत आणि इथं बाजार मांडलाय, असं म्हणून त्यांनी हात पुढे केला, किल्ली द्या, उद्या पेटी वर जाईल. शमसुन्निसानं किल्ली काढली, पण दिली नाही. ती इंदुताईजवळ गेली, फार जवळ नाही, जिथवर तिला चालेल तिथवर. आणि हळू म्हणाली, "इंदुताई, शाम ज्याच्यानं पडला, तेच होतं ना यात?"

 इंदुताईनं त्या निळ्या डब्याकडे पाहिलं.  कितीक पावसाळे झाले तो डबा घरात होता म्हणाली, राखेनं घासला, उन्हात वाळवला. तिचा लेक कशानं पडला हे तिला ठाऊक होतं, आणि डब्यात काय होतं हेही ठाऊक होतं. दोन्ही ठिकाणी शब्द एकच, औषध, तरी ते दोन्ही कधी शेजारी बसले नव्हते. आता बसले आणि ती बाई हमसून हमसून रडली. रडता रडता एकच म्हणत होती, "म्या राखेनं घासलं होतं वं माय."

"राखेनं धातू साफ निंगते," शमसुन्निसा म्हणाली. "पलाष्टिक पिऊन बसते."

गर्दी पांगली. बेबीताईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाल्या, किल्ली सकाळी घेईन. आणि जाताना त्यांनीच वरच्या नर्सांच्या खोलीतून वाटीभर मऊ भात पाठवला.

इंदुताईनं तो भात आपल्या स्टीलच्या पेल्यात कुस्करून पाणी घातलं. आता तरी वाटीत घे, असं शमसुन्निसा म्हणाली असती तर इंदुताईनं घेतलं असतं, इतकी ती खचली होती. पण खचलेल्या माणसाकडून काही काढून घेणं शमसुन्निसाला बरं वाटलं नाही. तिनं आपल्या काचेच्या वाडग्यात नुसतं पाणी तापवलं, कडकडीत, आणि तो वाडगा इंदुताईसमोर ठेवून म्हणाली, पेला यात उभा करा. स्टीलचा पेला गरम पाण्यात उभा राहिला. पेज हळूहळू कोमट झाली. तिच्या पेजेला कोणाचा हात लागला नाही, तिच्या भांड्याला पेटी लागली नाही. वेळ फार लागला, पण शामनं चार चमचे घेतले. इंदुताई त्या वाफेकडे आणि मग शमसुन्निसाकडे बघत राहिली. त्या संध्याकाळी तिनं फुलसावंगीला सुनेला फोन लावला आणि घरात चिनीमातीचं काही आहे का ते विचारलं. घरच्या लेकाला घरच्याच भांड्यातून भरवायचं, हा हट्ट काही सुटला नव्हता. जित्याची खोड ती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं सून आली. पिशवीतून तिनं फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. इंदुताईनं ते हाती घेतलं, फडकं सोडलं आणि एकदम पुन्हा झाकायला गेली. सून बिचारी सरळ मनाची. ती सर्वांदेखत बोलली, "घरात चिनीचं दुसरं काईच नाई, आत्याबाई. वळचणीले होता, तोच आनला."

पांढरा, जाड, साधा कप. कान तुटलेला. तळाशी चहाचा जुना तांबूस डाग.

शमसुन्निसानं तो पाहिला. तिला राग आला. आत खोल, लहानपणीचा, बापाच्या वाट्याचाही राग. फुलसावंगीला सरदार कधी गेला नव्हता, तो कप त्याचा नव्हता. पण होता तर त्याचाच. इंदुताई मान खाली घालून उभी होती, आणि कप झाकावा की पुढे करावा हे तिला उमगत नव्हतं. त्या वेळी शमसुन्निसानं जे केलं ते तिच्या शेजारणींना अजून पटत नाही. तिनं दोन्ही हात पुढे केले आणि कप घेतला. टिचकी मारली. खणखणीत वाजला, कुठं तडा नाही. नाकाशी नेला. आणि नेहमीचा प्रश्न विचारला नाही. यात पहिले काय होतं हे तिथं दोघींनाही ठाऊक होतं.

तिनं तो रिकामा पेटीत ठेवला, शेजारी पाण्याचा कप, आणि पेटी फिरवली. काढून पाहिलं. पाणी तापलं होतं, कप थंड.

"पास," ती म्हणाली. मग तिला हसू आलं, आणि ते काही केल्या आवरेना. "एकदम बेस कप हाये, इंदुताई. वळचणीले सोनेरी काठाचा कप कोनी ठेवते का?"

इंदुताईला त्यातलं अर्धंच कळलं, पण जेवढं कळलं तेवढं पुरेसं होतं. तिचेही डोळे भरून आले आणि तीही हसली. कपात पेज आली, मधे एकदा ढवळली आणि वाफाळत बाहेर आली. ज्या कपाला घरातल्या कोणाचं तोंड कधी लागलं नव्हतं, त्याला शामचं लागलं. तो कपभर पेज प्याला आणि आणखी मागितली.

बेबीताई किल्ली घ्यायला आल्या तेव्हा दारात रांग होती आणि रांगेच्या तोंडाशी पदर खोचून इंदुताई उभी होती. आवाज तिचा मूळचाच दणदणीत. येईल त्याचा डबा हाती घ्यायची आणि विचारायची, यात पयले काय होतं? एका गड्यानं औषध म्हटलं तर तिनं त्याला असा फैलावर घेतला की तो डबा तिथंच टाकून पळाला. एका म्हातारीच्या पिशवीतून तिनं दोन चमचे काढले, एकीला घट्ट झाकणावरून झापलं. शमसुन्निसाचा गोडवा तिच्याजवळ नव्हता, पण चमचा काही तिच्या नजरेतून सुटला नसता.  बेबीताईंनी विचारलं, ही कालचीच बाई ना? शमसुन्निसानं मान हलवली आणि किल्ली पुढे केली. बेबीताईंनी ती घेतली नाही. राहू दे तुमच्याकडेच, म्हणाल्या, आणि वॉर्डात निघून गेल्या.

पेटी खाली राहिली. अजून आहे. तिसरी ठिणगी अद्याप उडालेली नाही.

शामला सुट्टी मिळाली त्या दुपारी इंदुताई थर्मासात चहा घेऊन आली. तो कप तिनं खोलीतल्या फळीवर, पांढऱ्या वाट्यांच्या शेजारी ठेवला होता. घरी नेला तर माझी सासू परत वळचणीले ठेवीन, म्हणून इथंच राहू दे म्हणाली. गर्दी नव्हती. शमसुन्निसा पायरीवर टेकली होती. इंदुताईनं पिशवीतून आपला स्टीलचा पेला काढला, घरचा, ज्याच्यावर तिच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं. फळीवरचा कपही खाली घेतला. दोन्हींत चहा ओतला. आता कोणतं कोणाच्या हाती येणार हे शमसुन्निसाला ठाऊक होतं, म्हणून तिनं सवयीनं कपाकडे हात केला.

इंदुताईनं कप स्वतःकडे ओढला आणि पेला तिच्या हातात दिला.

दोघी शेजारी बसून चहा प्याल्या. शामचं बोलणं झालं, एसटीच्या वेळेचं झालं, नाजियाच्या लग्नाचं झालं. चहा गरम होता, आणि शमसुन्निसानं तो गरम असतानाच संपवला. मग ती उठली आणि पेला घेऊन मोरीकडे निघाली, विसळून पालथा घालायला. बापानं आयुष्यभर तेच केलं होतं, आणि तिच्या हातांनाही दुसरं काही ठाऊक नव्हतं.

इंदुताई मागून आली आणि तिच्या हातातून पेला घेतला.

"राहू द्या आपा," ती म्हणाली. "घरचा हाये, मी इसळतो."